क्रागुयेवात्सचा तापाचा दवाखाना आणि डॉ. एलिझाबेथ रॉस

सर्बियाच्या मध्यभागी शुमादिया नावाचा टेकड्यांचा प्रदेश आहे. त्यातल्या क्रागुयेवात्स शहराच्या दफनभूमीत दरवर्षी १४ फेब्रुवारीला दुपारी १२ वाजता माणसे जमतात. प्रार्थना होते, फुले वाहिली जातात. ज्या कबरीपाशी हे सगळे चालते, ती एका स्कॉटिश डॉक्टरबाईंची आहे. डॉ. एलिझाबेथ रॉस यांचा जन्म १४ फेब्रुवारी १८७८चा आणि मृत्यू १४ फेब्रुवारी १९१५चा. सदतिसाव्या वाढदिवशीच त्या गेल्या. या शहरात त्यांनी काढले ते जेमतेम तीन आठवडे.

तीन आठवड्यांत एक डॉक्टर असे काय करू शकते, की शंभर वर्षांनंतरही शहर तिची तारीख पाळते? उत्तर म्हणून सहसा 'त्याग' हा शब्द पुढे येतो. शब्द खोटा नाही, पण त्याने त्या वॉर्डात काय चालले होते हे झाकले जाते. रॉस यांना काय झाले, कसे झाले आणि ते कशाने टळले असते, याची उत्तरे बरीचशी देता येतात. आणि ती दिल्यावर त्यांच्याबद्दलचा आदर कमी होत नाही.

आधी रोगाच्या नावाचा घोळ

रॉस यांचा बळी घेणारा आजार टायफॉईड नव्हे. टायफॉईड म्हणजे आपला विषमज्वर, दूषित पाण्या-अन्नातून येणारा. १९१५ साली सर्बियात माणसे मेली ती टायफसने. मराठीत त्याला 'प्रलापक सन्निपात ज्वर' असे भारदस्त नाव आहे आणि ते लक्षणाला चपखल बसते, कारण आजाराच्या दुसऱ्या आठवड्यात रोगी बरळू लागतो. सर्बियन लोक त्याला 'पेगावत्स' म्हणतात, म्हणजे ठिपक्यांचा ताप. साधारण पाचव्या दिवशी छाती-पोटावर पुरळ उठते, त्यावरून हे नाव. २०१८मध्ये नागपूर आणि विदर्भात ज्याची चर्चा झाली तो स्क्रब टायफस हा वेगळा आजार. तो झुडपांतल्या बारीक माइटच्या पिल्लांमुळे होतो. सर्बियातला होता तो अंगावरच्या उवांमुळे होणारा.

अंगावरची ऊ केसांत राहत नाही, कपड्याच्या शिवणीत राहते. रक्त प्यायला तेवढी अंगावर येते. मादी दिवसाला पाच-सहा ते आठ अंडी घालते आणि आठवडाभरात त्यांतून पिल्ले बाहेर पडतात. टायफसच्या रोग्याचे रक्त प्यायलेली ऊ काही दिवसांत विष्ठेतून जंतू टाकू लागते. माणूस खाजवतो तेव्हा ती विष्ठा ओरखड्यातून आत जाते. म्हणजे लागण उवेच्या चाव्यातून होत नाही, खाजवण्यातून होते. ऊ स्वतःही या रोगाने मरते. पण मरण्याआधी ती घर बदलते, आणि साथीचे सगळे गणित या घर बदलण्यात आहे. उवेला माणसाच्या अंगाची नेहमीची ऊब लागते. रोग्याचा ताप ४० अंशांवर गेला की तिला ते अंग सोसत नाही. रोगी दगावून गार पडला तरी ती निघते. दोन्ही वेळी शेजारी जो निजला असेल, किंवा वाकून नाडी बघत असेल, त्याच्याकडे जाते.

उवांमुळे टायफस पसरतो हे शार्ल निकोल यांनी ट्युनिसमध्ये १९०९ सालीच दाखवून दिले होते. पुढे १९२८ साली त्यांना त्यासाठी नोबेल मिळाले. म्हणजे रॉस सर्बियात पोहोचल्या तेव्हा हे ज्ञान छापून पाच-सहा वर्षे झाली होती. रोगाच्या जंतूला नाव मात्र १९१६ साली मिळाले.

साथ कशी पेटली

ऑस्ट्रिया-हंगेरीने २८ जुलै १९१४ला सर्बियावर युद्ध पुकारले. ऑगस्टमध्ये त्सेरच्या डोंगरावर आणि डिसेंबरमध्ये कोलुबारा नदीच्या लढाईत सर्बियन सैन्याने शत्रूला मागे रेटले, १५ डिसेंबरला बेलग्रेड परत घेतले. विजय झाला, पण हाती आले ६० हजारांहून अधिक युद्धकैदी आणि उद्ध्वस्त वायव्य सर्बिया. तिथल्या व्हाल्येवो गावात माघार घेणाऱ्या शत्रूने मागे टाकलेले आजारी आणि जखमी खच्चून भरले होते. साथीचे पहिले मोठे केंद्र तेच.

तिथून ती रेल्वेने पसरली. कैदी, रजेवर निघालेले शिपाई आणि निर्वासित एकाच डब्यात दाटीने बसत, रात्री एकमेकांना चिकटून झोपत. थंडी कडाक्याची, अंगावर तोच लोकरी कोट, बदलायला दुसरा नाही आणि धुवायला गरम पाणी नाही. उवेला याहून चांगले दिवस कुठले! क्रागुयेवात्सला मुख्य मार्गावरच्या लापोवो जंक्शनहून फाटा येतो. शहरात तोफांचा कारखाना होता आणि त्या हिवाळ्यात सैन्याचे मुख्यालयही तिथेच होते. त्यामुळे माणसांचा ओघ थांबत नव्हता.

सर्बियात तेव्हा चारशेच्या आसपास डॉक्टर होते, आणि साथीत त्यांच्यापैकी सव्वाशेच्या आसपास मेले. एकूण मृत्यूंचा सर्वसाधारणपणे दिला जाणारा आकडा सुमारे दीड लाख आहे. त्यात शिपाई, नागरिक आणि कैदी सगळे आले.

रॉस कोण होत्या

लंडनला जन्म, बालपण स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या टेन गावात. ग्लासगो विद्यापीठातून १९०१ साली वैद्यकीय पदवी, म्हणजे तिथल्या अगदी सुरुवातीच्या महिला पदवीधरांपैकी एक. काही काळ बेटावरची डॉक्टर, काही काळ जहाजावरची डॉक्टर, आणि मग १९०९पासून इराण. तिथे झाग्रोसच्या डोंगरांत बख्तियारी टोळ्यांमध्ये त्यांनी वर्षे काढली. युद्ध सुरू झाले तेव्हा त्या इराणातच होत्या. सर्बियाला डॉक्टर हवेत हे कळल्यावर रशियामार्गे निघाल्या.

एक तपशील इथे महत्त्वाचा आहे. एल्सी इंग्लिस यांनी उभारलेली 'स्कॉटिश विमेन्स हॉस्पिटल्स' ही संघटना त्याच महिन्यात त्याच शहरात काम करत होती. रॉस मात्र तिच्या सदस्य नव्हत्या, त्या थेट सर्बियन लष्करी रुग्णालयात रुजू झाल्या. संघटनेच्या डॉक्टरांबरोबर स्वतःच्या नर्स, स्वतःच्या चादरी, औषधे आणि स्वयंपाकघर आले होते. रॉस यांच्याबरोबर रॉस आल्या.

वॉर्ड

तापाच्या त्या दवाखान्यात खाटा कमी आणि रोगी कितीतरी जास्त. एका खाटेवर दोघे, कधी तिघे. उरलेले जमिनीवर पेंढ्यावर, काही खाटांखाली. शुश्रूषेला ऑस्ट्रियन कैदी, ज्यांना ना प्रशिक्षण होते ना धडसे कपडे. त्यांतलेही बरेच स्वतः आजारी पडत होते. थंडीमुळे खिडक्या बंद.

अशा वॉर्डात खरी चूक कुठे होते, ते वॉर्डाच्या आत शोधून सापडत नाही. ती दाराशी होते. आलेला रोगी अंगावरच्या कपड्यांसह आत घेतला, की त्याच्यासोबत शे-दोनशे उवा आत येतात. कपडे काढून कोपऱ्यात ढीग केला तर उपाशी उवा त्या ढिगातून बाहेर पडतात. ऊ माणसाशिवाय जवळपास आठवडाभर जगू शकते, त्यामुळे ढीग उद्या हलवू म्हणून चालत नाही. पेंढा बदलला पण पांघरूण तेच ठेवले, तरी फरक पडत नाही. आणि वॉर्डातला एक रोगी पायाच्या जखमेचा असेल, तर दहा-बारा दिवसांत तोही टायफसचा होतो.

औषध नव्हते. आज डॉक्सिसायक्लिनचा २०० मिलिग्रॅमचा एक डोससुद्धा बहुतेकांना पुरतो. तेव्हा डॉक्टरच्या हाती होते ते पाणी पाजत राहणे, तापाला ओल्या फडक्यांनी पुसणे, हृदय ढेपाळू लागले की कापराचे इंजेक्शन देणे, रात्री भ्रमात उठून पळणाऱ्याला खाटेवर धरून ठेवणे आणि पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून कूस बदलणे. यातले जवळजवळ प्रत्येक काम रोग्याच्या अंगाला अंग लावून करायचे. चांगली शुश्रूषा जितकी जवळून, तितके उवेला ओलांडायचे अंतर कमी.

तारखांचा हिशेब

टायफसची लागण झाल्यापासून ताप येईपर्यंत ८ ते १४ दिवस जातात, बहुधा १० ते १२. ताप आल्यावर मृत्यू होणार असेल तर तो साधारण दुसऱ्या आठवड्यात होतो. रॉस १४ फेब्रुवारीला गेल्या. मागे मोजत गेले तर ताप फेब्रुवारीच्या पहिल्या दिवसांत आला असणार आणि लागण जानेवारीच्या शेवटच्या दहा दिवसांत, म्हणजे त्या वॉर्डात पाऊल ठेवल्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांतच. धोका हळूहळू साठत गेला आणि एक दिवस त्यांची ढिलाई झाली, असे इथे झालेले नाही. त्या दारातून आत जाणे आणि लागण होणे यांत फारसे अंतरच नव्हते.

याला उपाय होता का? काही अंशी होता. सर्बियातल्या काही परदेशी युनिटांमध्ये नर्स गळ्यापर्यंत बंद, एका तुकड्याचा झगा-पायजमा घालत. त्याच्या विजारी बुटांत खोचलेल्या, बाह्या मनगटाशी घट्ट बांधलेल्या, केस पूर्ण झाकलेले. त्याने ऊ अंगाला लागायची वाट अडते. पण तो पोशाख काढताना चुका होतात. बाहेरचा भाग आतल्या कपड्याला लागतो, बूट आधी काढले जातात, काढलेला झगा खुंटीवर कोटाशेजारी टांगला जातो. शिवाय उवेची वाळलेली विष्ठा धुळीसारखी उडते, ती डोळ्यांत किंवा श्वासात गेली तरी लागण होते आणि तिच्यातले जंतू महिनोन्‌महिने टिकू शकतात. कपडे झटकणे म्हणूनच घातक.

रॉस आजारी पडल्यावर स्कॉटिश युनिटमधल्या नर्स लुईझा जॉर्डन त्यांच्या शुश्रूषेला गेल्या. ६ मार्चला जॉर्डन गेल्या. ८ मार्चला मॅज नील फ्रेझर, ज्या स्कॉटलंडच्या नामवंत गोल्फपटू होत्या. २१ मार्चला ॲग्नेस मिनशल. तिघी एकाच युनिटच्या. जॉर्डन यांना रॉस यांच्याकडून लागण झाली असे सांगितले जाते. तारखा जुळतात खऱ्या, पण त्या टायफसच्याच वॉर्डात काम करत होत्या, तेव्हा नेमकी कोणती ऊ कुणाकडून आली याचा पाठपुरावा व्यर्थ आहे. त्या युनिटच्या प्रमुख डॉ. एलेनोर सोल्टाउ १०० खाटांची तयारी करून आल्या होत्या आणि रोगी अडीचशेवर मिळाले. त्यांना घटसर्प झाला, आणि मे महिन्यात एल्सी इंग्लिस स्वतः त्यांच्या जागी आल्या. या इंग्लिसबाईंचा जन्म आपल्याकडच्या नैनितालचा, वडील हिंदुस्थानातले सनदी अधिकारी.

पिंप

रॉस गेल्यानंतर तीनेक आठवड्यांनी, मार्चच्या सुरुवातीला, कर्नल विल्यम हंटर यांच्या हाताखाली सुमारे ३० ब्रिटिश लष्करी डॉक्टरांचे पथक सर्बियात पोहोचले. हंटर यांनी रोग्यांवर उपचार करण्यापासून सुरुवात केली नाही, हे त्यांचे शहाणपण. पहिली मागणी केली ती प्रवासी रेल्वे १५ दिवस पूर्ण बंद करण्याची आणि शिपायांच्या रजा थांबवण्याची. १५ दिवस का, तर लागण झालेला माणूस तेवढ्या काळात जिथे आहे तिथेच तापाने उघडा पडतो. सरकारने हे मानले. युद्धात गुंतलेल्या देशाने रेल्वे थांबवणे ही लहान गोष्ट नव्हे.

दुसरी गोष्ट कपड्यांची. मोठी वाफेची यंत्रे बाहेरून मागवायला वेळ नव्हता, आणि आली असती तरी खेड्यांत पोहोचली नसती. पथकातले लेफ्टनंट कर्नल स्टॅमर्स यांनी लाकडी पिंपाची युक्ती काढली. सर्बियात पिंपांना तोटा नव्हता. पिंपाच्या तळाला भोके पाडायची. खाली चुलीवर पाण्याचा हंडा किंवा कढई चढवायची आणि तिच्यावर पिंप ठेवायचे. दोहोंच्या मधल्या फटीतून वाफ निसटू नये म्हणून गोणपाटाच्या लांबट पिशवीत वाळू भरून तिचे कडे करायचे आणि सांध्यात बसवायचे. वर लाकडी झाकण, त्यावर दगड. आत आडव्या दांड्यांना कपडे सैल टांगायचे. काम सोपे दिसते, आणि म्हणूनच ते बिघडते.

पहिली चूक वेळेची. चूल पेटवली तेव्हापासून तास मोजला तर त्यातला अर्धा वेळ पाणी तापण्यातच जातो. मोजायला सुरुवात करायची ती झाकणाच्या कडेने वाफ जोरात येऊ लागल्यावर, आणि तिथून सुमारे तासभर. ऊ आणि लिखा मरायला शंभर अंश लागत नाहीत, ५५-६० अंशांनाही त्या काही मिनिटांत मरतात. मग तास कशाला? कारण जाड लोकरी ओव्हरकोटाच्या घडीच्या पोटात ते तापमान पोहोचायलाच वेळ लागतो.

दुसरी चूक भरण्याची. रांगेत माणसे उभी असतात, म्हणून पिंप ठासून भरले जाते. ठासलेल्या कपड्यांत हवा अडकते, वाफ तिला ढकलू शकत नाही आणि मधला गठ्ठा थंड राहतो. बाहेरचे कपडे गरम लागतात म्हणून सगळे झाले असे वाटते, आणि मधल्या गठ्ठ्यातल्या लिखा आठवड्याने उबतात. त्यापेक्षा निम्मे भरून दोनदा करणे परवडते.

तिसरे कातडे. बूट, पट्टे आणि मेंढीच्या कातड्याची बंडी वाफेत आकसून टणक होते. सर्बियन शेतकऱ्याची हिवाळ्यातली एकमेव उबदार गोष्ट तीच, त्यामुळे ती गमावलेला माणूस पुढच्या वेळी पिंपाजवळ येत नाही. कातड्याच्या वस्तू वेगळ्या काढून रॉकेलने पुसाव्या लागतात. चौथे, हंड्यातले पाणी. आटले की वाफ थांबते आणि तळ जळतो, म्हणून पाणी बघायला एक माणूस सतत लागतो.

सगळ्यात महत्त्वाचे मात्र पिंपाच्या भोवतीचे. माणूस एका बाजूने नागडा होऊन आत जातो. तिथे डोके आणि अंगावरचे केस भादरायचे, साबण-रॉकेलने घासून अंघोळ घालायची. तोवर कपडे पिंपात. मग तो दुसऱ्या बाजूने बाहेर पडतो, जिथे वाफवलेले कपडे येतात. मळकी बाजू आणि स्वच्छ बाजू यांच्यात येजा असता कामा नये. कपडे आणणारा आणि देणारा माणूस एकच असेल तर सगळी मेहनत वाया जाते, कारण उवा त्याच्या बाहीवरून परत येतात. रॉस यांच्या वॉर्डाच्या दाराशी नव्हते ते हेच.

मे-जूनपर्यंत साथ ओसरली. सगळे श्रेय पिंपाला देणे मात्र चुकीचे ठरेल. ऊन वाढले, माणसे कोट उतरवून नदीवर कपडे धुऊ लागली, एकदा टायफस होऊन वाचलेल्यांना पुन्हा तो सहसा होत नसल्याने लागण होण्याजोगी माणसेही कमी झाली होती. रेल्वेबंदी आणि पिंप यांनी मधली वाट तोडली. नंतर दुसऱ्या महायुद्धात युगोस्लाव्ह पार्टिझान सैनिकांनी जंगलात हीच रचना वापरली आणि तिकडे तिचे नावच 'पार्टिझान पिंप' पडले.

कबर आणि तिचे शेजारी

नोव्हेंबर १९१५च्या सुरुवातीला क्रागुयेवात्स शत्रूच्या हाती गेले. त्यानंतरच्या शतकात या शहराला स्वतःचेच इतके मृत पुरायचे होते, की परक्यांच्या कबरीकडे पाहायला उसंत मिळणे कठीण होते. २१ ऑक्टोबर १९४१ला जर्मन सैन्याने इथे अडीच हजारांहून जास्त लोकांना गोळ्या घातल्या, त्यांत शाळकरी मुलेही होती. शहराच्या स्मृतीतली मोठी जागा साहजिकच त्या दिवसाची आहे. तरीही रॉस यांची कबर पुढे नीट केली गेली, एका रस्त्याला त्यांचे नाव मिळाले आणि फेब्रुवारीतला कार्यक्रम पक्का झाला. २०१५ साली सर्बियाच्या टपाल खात्याने पहिल्या महायुद्धातल्या सहा ब्रिटिश स्त्रियांवर तिकिटे काढली. त्यांत रॉस आणि इंग्लिस यांच्यासोबत डॉ. इझाबेल एम्सली हटन आहेत, ज्या दुसऱ्या महायुद्धात भारतात रेडक्रॉसच्या कल्याणकार्याच्या प्रमुख होत्या. लुईझा जॉर्डन यांचे नाव २०२०च्या वसंतात ग्लासगोमध्ये कोविडसाठी उभारलेल्या तात्पुरत्या रुग्णालयाला दिले गेले.

रॉस यांच्या शेजारी आणखी दोन ब्रिटिश स्त्रियांच्या कबरी आहेत. मेबल डिअरमर या लेखिका आणि लॉर्ना फेरिस या नर्स, दोघीही त्याच वर्षी एप्रिलमध्ये आलेल्या मेबल स्टोबार्ट यांच्या तंबूंच्या रुग्णालयातल्या. दोघी जुलै १९१५मध्ये गेल्या, साथ ओसरल्यानंतर. कार्यक्रमात तिघींची नावे एकत्र घेतली जातात आणि 'टायफसच्या बळी' असा एकच शब्द तिघींना लावला जातो. डिअरमर आणि फेरिस यांचा आजार टायफॉईड होता, पाण्यातून आणि माश्यांमधून येणारा. पिंपातल्या वाफेचा तिथे उपयोग नव्हता. त्यांच्यासाठी उकळलेले पाणी, झाकलेले अन्न आणि तंबूंपासून दूर, मातीने बुजवलेले शौचखड्डे लागले असते.